किरणांची कल्हई

वाई, २१ नोव्हेंबर २०२३

चि. जीनत हिस मामूचे अनेक दुवा.

गेल्या गुरुवारी सकाळी तुझी लाकडी पेटी मांडीवर घेऊन मी स्वारगेटपासून रिक्षात बसलो होतो. त्या सकाळपासून एक गोष्ट मनात घोळते आहे, ती लिहितो.

फजरची नमाज घरीच पढून मी पहिल्या एस.टी.ने निघालो होतो. रविवार पेठेत कथील बघायचं होतं, आणि तू सांगलीहून रात्रीच्या गाडीने येणार म्हणालीस, म्हणून म्हटलं पोरीला सोबत होईल. पेटीत काचेच्या नळ्या, त्यात काळं शाईसारखं पाणी. तू म्हणालीस, "मामू, ही शाई नाही. कोळशाच्या इतक्या बारीक नळ्या यात तरंगतायत की डोळ्याला दिसणार नाहीत. त्यांच्यावर चांदी चढवायची आहे." मी म्हटलं, म्हणजे कल्हईच की! तू हसलीस. मला वाटलं, तू म्हणतेस ते किरणांचं केंद्र म्हणजे आत भट्टी असेल.

आत काय होतं? शिशाचा एक भला मोठा रांजण. त्याच्या कप्प्यात तुझ्या नळ्या ठेवल्या, कप्पा खाली गेला, तिथल्या माणसाने घड्याळ लावलं आणि तो चहा प्यायला गेला. जाळ नाही, भाता नाही, धूर नाही, आवाज नाही. मी चौदाव्या वर्षापासून कल्हई करतो. भांडं तापवल्याशिवाय कथील धरताना मी पाहिलेलं नाही. आणि इथे नळ्या बाहेर आल्या तर हाताला गार! काळ्या होत्या त्या काळ्याच दिसल्या, पण जिच्यात कोळसा नव्हता, नुसतं चांदीचं पाणी होतं, ती नळी हळद कालवल्यासारखी पिवळी झालेली. न दिसणाऱ्या हाताने काम झालं. मी मनात सुबहानल्लाह म्हटलं आणि गप्प उभा राहिलो. तुला वाटलं मी कंटाळलो.

तू माल प्लास्टिकच्या बाटल्यांत ओतून नेलास आणि रिकाम्या नळ्या फुटतील म्हणून माझ्याकडे ठेवल्यास, त्या सांगलीच्या गाडीने पाठवतो.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नको. थंडीने घसा बसलाय. शिवाय आमच्या शाळेत गुरुजींनी पत्र लिहायला शिकवलं, फोनवर बोलायला कोणी शिकवलं नाही.

तुझा,
बशीरमामू


सांगली, ३० नोव्हेंबर

प्रिय मामू, सलाम.

तुमचं पत्र मी लॅबमध्ये चारुशीला मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "जीनत, थीसिसच्या पहिल्या पानावर 'कल्हई' हा शब्द आला पाहिजे." मॅडम एरवी हसत नाहीत, तेव्हा हे मोठंच समजा.

चांदी बसली, मामू! मोठ्या मायक्रोस्कोपखाली फोटो काढला. कोळशाच्या नळीवर चांदीचे दाणे, कणसावर दाणे असतात तसे. अजून विरळ आहेत. पण बसलेत. आता हेच पुन्हा करून दाखवायचं. एकदा झालं तर नशीब, दोनदा झालं तर विज्ञान, असं मॅडम म्हणतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायचं होतं हे मला कळलं: जाळाशिवाय कसं होतं? ऐका. किरण चांदीला हात लावत नाहीत. ते पाणी तोडतात. तुटलेल्या पाण्यातून काही असं सुटतं जे विरघळलेल्या चांदीला पुन्हा धातू करतं, आणि काही असं सुटतं जे झालेलं काम मोडतं. त्या मोडणाऱ्याला गिळायला आम्ही थोडं स्पिरिट घालतो. आणि कोळशाची नळी आधी ॲसिडमध्ये उकळून खरबरीत करतो, नाहीतर चांदी घसरून जाते. हे सगळं कशासाठी, तर चांदीने जंतू मरतात. अम्मीच्या जतला टँकरचं पाणी कसं असतं तुम्हाला माहीतच आहे. त्या पाण्यासाठी गाळणी करायची. अजून लांब आहे, पण रस्ता दिसतोय.

किरणांच्या चेंबरची पुढची पाळी १४ डिसेंबरची मिळाली आहे. मला त्या दिवशी परीक्षेची ड्युटी आहे. तुम्ही कथील आणायला पुण्याला जाताच आहात तर पेटी न्याल का? नळ्या मी इथेच भरून, बुचं घट्ट बसवून, काळ्या कागदात गुंडाळून पाठवेन. तुम्ही फक्त मांडीवर घेऊन बसायचं.

रिकाम्या नळ्या लवकर पाठवा. आणि घशाला काढा घ्या. मुमानीला सलाम.

जीनत


वाई, ६ डिसेंबर

चि. जीनत हिस अनेक दुवा.

नळ्या आज गाडीने पाठवल्या. उघडशील तेव्हा खूश होशील. तू दिल्यास तेव्हा त्यांच्या आतून काळपट लेप बसला होता, नुसत्या पाण्याने निघेना. असं भांडं घरातून बाहेर पाठवायचं म्हणजे कल्हईवाल्याच्या दारात डाग. राख, चिंच आणि कल्हईचा नवसागर लावून काडीला कापूस गुंडाळून एकेक घासली. रबरी बुचंही काळवंडली होती, ती रात्रभर नवसागराच्या पाण्यात भिजत घातली. आता बघ, चंद्रासारख्या झाल्यात. तुझी मुमानी हुसेनबी म्हणाली, "एवढं प्रेम कधी माझ्या पातेल्यांवर केलंत का?"

तुझं ते ॲसिडचं वाचून बरं वाटलं. आमचंही तेच. तांबं घासून उघडं केल्याशिवाय कथील धरत नाही. गुळगुळीत आणि मळकं, दोन्ही कामाचं नाही.

पेटी नेईन. काळजी करू नको.

एक विचारायचं आहे. ज्या वस्तूवर किरण पडले, ती वस्तू नंतर दुसऱ्याला बाधते का? म्हणजे किरण तिच्यात राहतात का? समजा, नंतर तिच्याजवळ लहान मूल बसलं, मांडीवर घेतलं, रात्री शेजारी झोपलं, तर त्याला काही होईल का? सवडीने नीट लिही. माझ्या मतीनची पोर सिमरन आता तीन वर्षांची होईल. दुकानातून आलो की धावत येते. हल्ली मी तिला दुरूनच खाऊ देतो. ती रुसते.

घसा तसाच आहे. पहाटेची अजान आता मतीन देतो. पोराचा आवाज चांगला आहे, पण शेवटी घाई करतो.

बशीरमामू


सांगली, २२ डिसेंबर

प्रिय मामू, सलाम.

पेटी नीट पोचली, तुमचे उपकार. पण बातमी वाईट आहे.

किरणांनी काही केलं नाही. मायक्रोस्कोपखाली कोळशाच्या नळ्या उघड्या आणि बाजूला नुसते पांढरे गठ्ठे. आणि ती कोळशाशिवायची नळी, मागच्या वेळी हळदीसारखी झालेली? यावेळी दूध. पातळ, जरा जांभळट दूध. मी नळीचा काळा कागद सोडला आणि तिथेच स्टुलावर बसले.

मॅडम म्हणतात, चेंबरमधला किरण देणारा कोबाल्ट धातू दरवर्षी थोडा मंदावतो, किरण कमी पडले असतील, चेंबरवाल्यांना विचारू. मला काही सुचत नाही. चांदी तीच, पाणी तेच, स्पिरिट तेच. तुम्ही तर नळ्या इतक्या लखलखीत पाठवल्यात की मी एकदाच पाण्याने विसळून भरल्या. बदललं काय? किरणच. दुसरं काही दिसत नाही. पहिल्या वेळचं नशीब होतं की काय, असं आता वाटायला लागलंय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ज्यावर किरण पडले ते किरण देत नाही. दिवा विझवल्यावर भिंतीत उजेड उरतो का? चेंबरच्या आतला कोबाल्ट मात्र दिव्यासारखा सतत जळतो, म्हणून त्याच्याभोवती शिसं. तुम्ही पेटी मांडीवर घेतलीत आणि मग त्या मांडीवर सिमरनला घ्यायला घाबरलात, हो ना? मामू! आधी विचारायचं की. मी तुमच्या मांडीवर धोक्याची वस्तू ठेवेन का? सिमरनला घ्या.

मन लागत नाही म्हणून इथेच थांबते.

जीनत


वाई, २९ डिसेंबर

चि. जीनत हिस अनेक दुवा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जीव छोटा करू नको. कल्हई न धरलेलं भांडं मीही पुष्कळदा पुन्हा भट्टीवर ठेवलंय.

पण एक सांगतो. तू लिहिलंस की किरणांनी काही केलं नाही. ते वाचून मला एका माणसाची गोष्ट आठवली. वाईतलाच आहे, माझ्या ओळखीचा. त्याला डॉक्टरांनी शेक सांगितलाय, तोच, किरणांचा. त्याने मला विचारलं, "तुमची भाची त्यातली आहे, तिचा काय अनुभव?" मी त्याला खरं ते सांगितलं: पहिल्यांदा झालं, दुसऱ्यांदा नाही. तो म्हणाला, "काचेच्या नळीत एकदा चालतं, एकदा चालत नाही, तर माणसात कशाला धोका घ्या?" त्याने नको म्हणून ठरवलं. मीही त्याला आग्रह केला नाही.

शेजारच्या भांडीवाल्या मानसिंगनेही त्याला तेच सांगितलं. मानसिंग म्हणजे तुला माहीत आहे, बोलतो जोरात आणि तेही भर रस्त्यात. "आवं शेक कसला, जाळ असतोय त्यो. माझ्या चुलत्याला दिला तवा आतनं करपलं सगळं. दिसत न्हाई म्हणून जाळ न्हाई व्हय?" जो जाळ दिसतो त्याला मी पस्तीस वर्षं जवळून ओळखतो. न दिसणाऱ्याची मलाही भीती वाटते.

पुण्याच्या खेपा आता होणार नाहीत. कथीलाचं काम संपलं. तुझी पेटी पुढच्या वेळी मतीन नेईल.

सिमरनचं कळलं. बरं वाटलं. तरी थोडे दिवस राहू दे.

बशीरमामू


सांगली, ५ जानेवारी २०२४

मामू,

सलाम करते आणि मग भांडते. दोन गोष्टी आहेत. आधी हसायची.

बदललं काय, हे शोधताना एकेक वस्तू तपासत बुचांपर्यंत आलो. आमच्याकडे कपाटात एक पांढरं नवं बुच होतं. ते एका भांड्यात उकळलं आणि तुम्ही पाठवलेलं एक बुच दुसऱ्या भांड्यात. दोन्ही पाण्यांत चांदीच्या पाण्याचा एकेक थेंब टाकला. नव्या बुचाचं पाणी पाण्यासारखंच राहिलं. तुमच्या बुचाचं? दूध! मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि विचारलं, "या बुचांना मीठ कोणी लावलं?"

मामू, नवसागर! नवसागर म्हणजे एक प्रकारचं मीठच. आणि विरघळलेल्या चांदीला मिठाचा वास जरी आला तरी तिचा पांढरा गाळ होतो. रबराने तुमचा नवसागर रात्रभर पिऊन ठेवला आणि प्रवासात हळूहळू नळीत सोडला. किरण येण्याआधीच चांदी संपलेली होती. किरणांना काम करायला काही उरलंच नव्हतं. आणि मी नळ्या लखलखीत बघून एकदाच विसळल्या, ही माझी चूक. लॅबमधल्या मुलीने चकाकीवर विश्वास ठेवायचा नसतो. मॅडम मला जे बोलल्या ते लिहीत नाही. तुमच्याबद्दल म्हणाल्या, "त्यांना इतकी स्वच्छ काच कशी होते ते मात्र विचारून ये."

आता दुसरी.

तो वाईतला माणूस कोण आहे?

तुम्ही सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. तो नोव्हेंबरपासून फोन उचलत नाही. त्याचा घसा दोन महिने बसलेला आहे. ज्याने माझ्या जन्माच्या आधीपासून पहाटेची अजान दिली, त्याची अजान आता मुलगा देतो. वाईत आता महिन्याला किती भांडी कल्हईला येतात? तरी तो सारखा पुण्याला कथील आणायला जातो. आणि किरण पडलेल्या वस्तूजवळ मूल झोपलं तर काय होईल, असं तो विचारतो. मामू, काचेच्या नळीच्या शेजारी कोणी मूल झोपवत नाही. मी मूर्ख, मला वाटलं तुम्ही पेटीला घाबरलात.

मी तुमच्यावर रागावलेय. त्याहून जास्त स्वतःवर, कारण "किरणांनी काही केलं नाही" हे वाक्य मी लिहिलं आणि तुम्ही ते तुमच्या गळ्याला लावून घेतलंत.

नवसागर बुचांत होता. किरणांत नव्हता.

पण नीट वाचा, नाहीतर उद्या माझ्या नळ्या जमल्या की तुम्ही उलटं धराल. माझ्या नळ्या जमल्या म्हणून तुमचा शेक जमेल असंही नाही आणि बिघडल्या म्हणून बिघडेल असंही नाही. ती काच आहे, तो गळा आहे. तिथे वेगळी यंत्रं, वेगळी माणसं, वेगळा हिशोब. तुमच्या गळ्याचा निकाल माझ्या काचेवर लावू नका. जे डॉक्टर रोज गळे बघतात त्यांना विचारा.

फोन उचला. आवाज कसाही असू दे.

जीनत


वाई, १२ जानेवारी

चि. जीनत हिस अनेक दुवा.

तुझा फोन आला तेव्हा उचलला, पण दोन वाक्यांपुढे आवाज फुटला नाही, आणि तू पलीकडे रडायला लागलीस. म्हणून पुन्हा पत्रच.

हो, तो माणूस मीच.

दिवाळीआधी सुमंत डॉक्टरांकडे साताऱ्याला गेलो होतो. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि पुण्याला पाठवलं. तिथे नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासला. आवाजाच्या पट्टीवर गाठ आहे. लहान आहे, पसरलेली नाही, वेळेत सापडली, असं सगळे म्हणाले. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किरणांनी बरं व्हायची आशा चांगली आहे आणि आवाजही बहुतेक राहील. ते नसेल तर कापावं लागेल. गाठ वाढल्यावर आलात तर आवाजासकट कापावं लागेल." तुझ्या पेटीबरोबर मी आलो त्या सकाळी हीच गोष्ट खिशात घेऊन आलो होतो. तू आत नळ्या ठेवत होतीस आणि मी त्या शिशाच्या रांजणाकडे बघत होतो. म्हटलं, बघू तरी हे कसं असतं.

मला मरणाची भीती नाही असं म्हणणार नाही, पण ती फार नाही. ते ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात आहे. भीती दोनच गोष्टींची. एक, सिमरनला माझ्यापासून काही व्हायला नको. मला नाना तऱ्हेची यंत्रं लावून झाली होती, आणि कोणीतरी सांगितलं, लहान पोरांपासून दूर राहा. ती भीती तू घालवलीस. दुसरी, आवाज. तुझ्या नानांनी मला पहिल्यांदा मशिदीच्या पायरीवर उभं केलं तेव्हा माझा आवाज फाटला होता आणि खाली भाजीवाल्या बाया हसल्या होत्या. नाना म्हणाले, "त्यांच्यासाठी नाही देत आपण. पुन्हा सुरुवात कर." तेव्हापासून देतो आहे. ते जाईल, हे मनाला पटत नव्हतं. आणि आवाज वाचवायला ज्याच्याकडे जायचं तोच जाळतो, असं मानसिंग सांगत होता.

नवसागराचं वाचून हुसेनबी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच इतक्या दिवसांनी. मग तिथेच बसून खरंच रडली. ज्या नवसागराने माझ्या हाताला आजवर यश दिलं त्यानेच तुझी चांदी खाल्ली. भांड्याला जे औषध तेच तुझ्या नळीला विष. म्हणजे मानसिंगच्या चुलत्याचा अनुभव मानसिंगच्या चुलत्यापाशी. एवढं मला कळलं.

सुमंत डॉक्टरांकडे परत गेलो. ते ओरडले. "बशीरभाई, दोन महिने? भांड्याला भोक पडल्यावर कल्हई करता का?"

तरी मन अजून अडखळतं. तुझी पुढची पाळी कधी आहे? तेवढं एक होऊ दे. चांदी बसली असं कळलं की मी निघतो. काच वेगळी आणि गळा वेगळा, मला समजलं. पण मनाला एक काठी लागते.

बशीरमामू


सांगली, १८ जानेवारी

प्रिय मामू, सलाम.

काठी देणार नाही.

माझी पाळी २५ तारखेला आहे. नवी बुचं आणली, तीही तीनदा उकळली. काच मी स्वतः धुतली, धुतलेल्या पाण्यात चांदीचा थेंब टाकून बघितलं, पाणी स्वच्छ राहिलं. नळ्या घेऊन मी एकटी जाईन. मतीनभाईलाही पेटी देणार नाही. चांदी बसली की नाही ते मला कळेल, मॅडमना कळेल. तुम्हाला मी सांगणार नाही. मुमानीला सांगणार नाही. अम्मीला जतला फोन करून बातमी काढायचा प्रयत्न कराल, तर तिलाही माहीत नसेल.

तुमचा पहिला शेक झाला की विचारा.

मामू, तुम्ही मला सायकल शिकवलीत तेव्हा घाटाजवळच्या उतारावर मागून हात सोडलात आणि मला सांगितलंच नाहीत. मी खाली पोचल्यावर मागे बघितलं, तर तुम्ही वर उभे. आता माझी पाळी.

जीनत


वाई, २९ जानेवारी

चि. जीनत हिस मामूचे अनेक दुवा.

फार जिद्दी आहेस. तुझ्या आईवर गेलीस.

तुझं पत्र आलं त्या रात्री नमाजनंतर तसाच मुसल्ल्याच्या चटईवर बसून होतो. मी आयुष्यभर भट्टी पेटवताना बिस्मिल्लाह म्हणतो. कथील धरलेलं दिसल्यावर म्हणत नाही. आधी म्हणतो. मग आताच मला आधी निकाल का हवा? एवढंच स्वतःला विचारलं. सकाळी मतीनला सांगितलं, डॉक्टरीणबाईंना फोन लाव.

मागच्या सोमवारी मोजमाप झालं. त्यांच्याकडे पांढऱ्या प्लास्टिकचा एक पत्रा असतो. गरम पाण्यात टाकला की पोळीसारखा मऊ पडतो, जाळीचा असतो. तो माझ्या चेहऱ्यावर, मानेवर दाबून बसवला आणि गार होऊ दिला. माझ्याच तोंडाचं भांडं तयार झालं. घडवणाऱ्या मुलीला म्हटलं, "ठोका एकही नाही, तरी बेमालूम बसलंय." घोगऱ्या आवाजात म्हटलं, तरी तिला कळलं. हसली.

आज सकाळी निघालो तेव्हा मानसिंग दुकानाला कुलूप घालून स्टँडवर उभा. मी म्हटलं, तू कुठे? म्हणाला, "तुमच्यासंगं. जळलासा तर विझवायला कोण पाहिजे का नगं?" घाट येईपर्यंत बोलत होता. मी उत्तर देऊ शकत नाही याचा त्याने पुरेपूर फायदा घेतला. "आयुष्यात एकदा बशीरभाई गप ऐकून घ्यायला लागलाय, किरणं लागायच्या आधीच गुण आला." मग बोगद्याच्या अंधारात मात्र हळूच म्हणाला, "गड्या, चुलत्याचं मी बोललो ते मनावर घिऊ नगंस. त्यो लय उशिरा गेल्ता." मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आत टेबलावर झोपवलं. तो जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर घालून दोन्ही बाजूंनी अडकवला. हलायचं नाही, गिळायचं नाही, असं सांगून सगळे बाहेर गेले. जाड दार लागलं. तेव्हा तुझ्या नळ्यांची आठवण झाली. त्यांनाही असंच एकटं सोडून सगळे चहाला जातात. यंत्र गुणगुणलं, डासासारखं. डोळे मिटून फातिहा पढायला घेतली. ओठ हलवायचे नव्हते, म्हणून मनातल्या मनात. एकदा पढून झाली, दुसऱ्यांदा सुरू केली, आणि तेवढ्यात दार उघडलं. झालं म्हणाले. गळ्याला हात लावून पाहिला. गार होता.

बाहेर मानसिंग उभा राहून बघत होता. माझ्याभोवती एक फेरी मारली. "धूर तर न्हाई निघत," म्हणाला, आणि चहा पाजला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढे गळा दुखेल, गिळताना त्रास होईल, आवाज आणखी जाईल आणि मग हळूहळू येईल. घाबरून मध्येच सोडायचं नाही. शनिवार-रविवार सोडून रोज जायचं. रमजानचा चंद्र दिसायच्या आत संपेल. मतीनला सांगितलंय, तोवर अजान तू दे, पण शेवटचे शब्द ओढून, घाई न करता. ते मी शिकवीन. बोटाने शिकवता येतं.

नळ्यांचं आता तू सांगितलंस तर ऐकेन. नाही सांगितलंस तरी उद्याच्या गाडीत मी आहे.

संध्याकाळी घरी आलो तर सिमरन दाराशी नेहमीसारखी थांबली, दुरून खाऊ मिळेल म्हणून हात पुढे करून. मी ओट्यावर बसलो आणि मांडी थोपटली. तिने आधी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग आली. आता झोपली आहे. डाव्या हाताने तिला धरलंय आणि उजव्या हाताने हे लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

बशीरमामू